दोन चित्रांच्या मधले चित्र

१४ नोव्हेंबर १९९२. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या किंग्जमीड मैदानावर कसोटी सामना चालू होता. सचिन तेंडुलकर धावचीत झाला की नाही, याचा निर्णय मैदानावरील पंचांनी स्वतः दिला नाही. त्यांनी तो प्रश्न दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेल्या तिसऱ्या पंचांकडे सोपवला. त्या पंचांनी तो प्रसंग पडद्यावर पुन्हा पाहिला आणि तेंडुलकरला बाद ठरवले. कसोटी क्रिकेटमध्ये पुनर्दर्शन पाहून बाद दिला गेलेला तो पहिला फलंदाज होय.

आता आपण एक सोपा हिशेब करू. समजा, कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेतो आणि फलंदाज सेकंदाला ६ मीटर वेगाने धावतो आहे. म्हणजे एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत तो २४ सेंटिमीटर पुढे सरकेल. एका चित्रात बेल्स जागेवर आहेत आणि बॅट रेषेच्या १० सेंटिमीटर अलीकडे आहे. पुढच्याच चित्रात बेल्स उडालेल्या आहेत आणि बॅट रेषेच्या १४ सेंटिमीटर पलीकडे पोहोचली आहे. बेल्स नेमक्या ज्या क्षणी उडाल्या तो क्षण या दोन चित्रांच्या मधे कोठे तरी आहे. त्याचे चित्र कोणीच घेतलेले नाही.

आजचा संगणक ते मधले चित्र क्षणार्धात काढून देईल आणि ते शेजारच्या दोन चित्रांइतकेच स्वच्छ, रेखीव असेल. प्रश्न असा की, तिसऱ्या पंचांनी ते पाहावे काय?

दोन चित्रांच्या मधे नवी चित्रे भरण्याच्या या तंत्राला 'फ्रेम इंटरपोलेशन' म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रफितींतील हालचाल धक्के न खाता सलग दिसावी म्हणून ते आज सर्रास वापरले जाते. तंत्राचे हे रूप नवे आहे. पण मधली जागा कोणी आणि कशाच्या आधारे भरायची, हा प्रश्न जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे आपल्या पंचांना काय सांगायचे तेही कळते.

चित्रकारांचा चुकलेला अंदाज

घोडा भरधाव पळत असताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? एकोणिसाव्या शतकात हा वादाचा विषय होता. डोळ्यांना ते दिसणे शक्य नव्हते. चित्रकारांनी मात्र आपल्या परीने उत्तर देऊन टाकले होते. थिओडोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली इंग्लंडमधील एप्सम येथील शर्यतीचे चित्र रंगवले. त्यातील घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले आहेत, आणि घोडे अधांतरी आहेत. त्या काळी घोड्यांची दौड अशीच रंगवण्याचा प्रघात होता.

१८७८ च्या जून महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले. प्रत्येक कॅमेऱ्याच्या झडपेला जोडलेला दोरा धावपट्टीवर आडवा ताणलेला होता. सॅली गार्डनर नावाची घोडी दौडत गेली, दोरे एकामागून एक तुटले आणि छायाचित्रे निघाली. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे ठरले. पण ते सुटतात तेव्हा ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात! चित्रकारांचा अंदाज नेमका उलटा निघाला.

हा प्रसंग आपण ध्यानात ठेवू. जेरिकोचे चित्र पाहणाऱ्याला त्यात काहीच खटकत नव्हते. खटकत नाही म्हणून ते खरे असते असे नाही, हे प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रानेच दाखवून दिले.

डोळा आणि मेंदू

चित्रपटाचे तत्त्व शिकवताना आपण दृष्टिसातत्याचा उल्लेख करतो. वस्तू दूर झाल्यावरही तिची प्रतिमा दृष्टिपटलावर सेकंदाचा सुमारे सोळावा भाग टिकते, म्हणून सुटी चित्रे सलग दिसतात, असे आपण सांगतो. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे. प्रतिमा नुसती टिकून राहिली तर दोन चित्रे एकमेकांवर पडून घोड्याला आठ पाय दिसायला हवेत. प्रत्यक्षात आपल्याला आठ पाय दिसत नाहीत, पळणारा घोडा दिसतो. असे का?

१८३२ साली बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो याने एक चकती तयार केली. तिच्यावर कडेने नाचणाऱ्या माणसाची क्रमवार चित्रे आणि मधे फटी होत्या. चकती आरशासमोर धरून फिरवायची आणि फटींतून आरशात पाहायचे, की माणूस नाचू लागे. ऑस्ट्रियाच्या सायमन श्टांफर यानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच चकती बनवली. खेळणे लोकप्रिय झाले. पण त्यामागील कारणाचा नीट अभ्यास होण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली.

१९१२ साली माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने दोन रेषा शेजारी शेजारी, एकीमागून एक दाखवल्या. दोहोंतील अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाइतके असले, तर पाहणाऱ्याला आधी एक रेषा आणि मग दुसरी रेषा दिसे. अंतर फारच कमी केले, तर दोन्ही एकदमच दिसत. पण अंतर ६० सहस्रांश सेकंदाच्या आसपास असले, की एकच रेषा इकडून तिकडे सरकल्याचा भास होई. मधल्या जागेत काहीही दाखवलेले नव्हते. ती हालचाल पाहणाऱ्याच्या मेंदूने भरली होती.

थोडक्यात, मधली जागा भरणारा पहिला कारागीर म्हणजे आपला मेंदूच. झगमगाट जाणवू नये म्हणून दृष्टिसातत्य उपयोगी पडते, आणि हालचाल दिसते ती मेंदूच्या या कामामुळे.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे चित्रपटगृहात उत्तम दिसते. मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे असत. हालचाल दिसायला ती पुरत, पण पडदा लुकलुके. म्हणून प्रक्षेपकातील फिरत्या झडपेला तीन पाती बसवली जात. एकेक चित्र तीनदा उजळे आणि सेकंदाला ४८ उघडझापा होत. बोलपट आल्यावर ध्वनीसाठी वेग ठरलेला असणे आवश्यक झाले आणि सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण रूढ झाले. तेथे दोन पाती पुरली. २४ दुणे पुन्हा ४८. येथे नवे चित्र कोणी घातले नाही, आहे तेच चित्र पुन्हा दाखवले, हे लक्षात घ्यावे.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' च्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ महिन्याहून अधिक काळ कॅमेऱ्याने टिपली आणि मिनिटभराहून थोडी मोठी अशी 'अंकुराची वाढ' ही फीत तयार केली. त्यात मधला बहुतेक काळ गाळलेला होता. पण जी चित्रे होती ती सगळी त्या रोपाचीच होती. गाळणे आणि भरणे यांतला हा फरक आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

मधली चित्रे काढणारे हात

व्यंगचित्रपटात कॅमेऱ्यासमोर खरी वस्तू नसते. प्रत्येक चित्र हाताने काढावे लागते. अमेरिकेच्या विन्सर मॅके याने 'गर्टी' नावाच्या डायनोसॉरचा चित्रपट १९१४ साली केला. तो आधी हालचालीच्या ठळक अवस्था काढी, मग त्यांच्या मधली चित्रे, मग त्या मधल्यांच्याही मधली. पुढे मोठ्या स्टुडिओंमध्ये या कामाची वाटणीच झाली. मुख्य चित्रकार महत्त्वाच्या अवस्था काढी आणि मधली चित्रे भरण्यासाठी वेगळे सहायक असत. त्यांच्या हुद्द्याचे नावच 'इनबिट्वीनर' असे होते. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' हा १९३७ चा चित्रपट ८३ मिनिटांचा आहे. २४ च्या हिशेबाने त्याच्या १,१९,५२० चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटींना वापरले तरी चित्रांची संख्या छाती दडपवणारी आहे.

मधले चित्र काढणे हे हलके काम समजले जाई. पण ते दोन चित्रांची सरासरी काढण्याइतके सोपे नव्हते. लंबकाचे उदाहरण घेऊ. दोरी १ मीटर लांब आहे आणि लंबक दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत जातो. डाव्या टोकाचे व उजव्या टोकाचे अशी दोनच चित्रे दिली आणि सरळ रेषेने मध्यबिंदू काढला, तर गोळा आधारबिंदूच्या खाली किती अंतरावर येईल? १ मीटर गुणिले ६० अंशांची कोज्या, म्हणजे अवघा अर्धा मीटर! चित्रात दोरी निम्म्याने आखडेल. खरा लंबक मात्र त्या वेळी पूर्ण १ मीटर खाली असतो. अनुभवी चित्रकाराला हे ठाऊक असे. हात, मान, शेपटी या गोष्टी कमानीत फिरतात आणि टोकांपाशी सावकाश होतात, हे तो आपल्या अनुभवाने चित्रात आणी.

ब्रह्मगुप्ताची युक्ती

मधली किंमत काढण्याची गरज चित्रकारांच्या कितीतरी आधी गणितज्ञांना पडली होती. ज्यांनी लॉगॅरिदमचे तक्ते वापरले आहेत, त्यांना उजवीकडचे सरासरी फरकाचे रकाने आठवत असतील. तक्त्यात नसलेली किंमत शेजारच्या किमतींवरून काढणे याला गणितात अंतर्वेशन म्हणतात.

इसवी सन ६६५ मध्ये रचलेल्या 'खंडखाद्यक' या ग्रंथात ब्रह्मगुप्ताने दर १५ अंशांना ज्येचा एक छोटा तक्ता दिला आहे. त्रिज्या १५० धरली आहे आणि लागोपाठच्या ज्यांमधील फरक ३९, ३६, ३१, २४, १५ आणि ५ असे आहेत. आता ४० अंशांची ज्या हवी आहे. ३० अंशांची ज्या ३९ अधिक ३६, म्हणजे ७५. पुढच्या १५ अंशांत ती ३१ ने वाढते. आपल्याला त्यांतले १० अंश, म्हणजे दोन तृतीयांश हवे आहेत. सरळ त्रैराशिकाने उत्तर येते ९५.७. खरी किंमत ९६.४ आहे.

ब्रह्मगुप्ताने ओळखले की फरक स्वतःच कमी कमी होत चालले आहेत. म्हणून केवळ पुढचा फरक घेऊन भागणार नाही, मागचा फरकही पाहिला पाहिजे. ३६ आणि ३१ यांची सरासरी ३३.५. त्यांच्या अंतराचा अर्धा भाग २.५, त्याचे दोन तृतीयांश सुमारे १.७. ते वजा केले म्हणजे ३१.८ राहतात. त्याचे दोन तृतीयांश २१.२. हे ७५ मध्ये मिळवले की ९६.२ येतात. चूक ०.७ वरून ०.२ वर आली.

बदलाचाही बदल पाहावा, ही ती युक्ती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चित्रफितींसाठी हाच विचार आढळतो. दोन चित्रांऐवजी लागोपाठची चार चित्रे घ्यायची, त्यांवरून वस्तूच्या वेगाबरोबर त्वरणही काढायचे आणि मग मधले चित्र बनवायचे. हा ब्रह्मगुप्ताचा वारसा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण अडचण सारखी असली की उपायही सारखे सुचतात, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे.

संगणकाच्या हाती

१९७० च्या सुमारास कॅनडात ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी मधली चित्रे काढण्याचे काम संगणकाकडून करवून घेतले. चित्रकाराने दोन मुख्य रेखाचित्रे द्यायची आणि संगणकाने एकातील रेषा दुसऱ्यातील रेषांकडे टप्प्याटप्प्याने न्यायच्या. या पद्धतीने पीटर फोल्डेस याने 'हंगर' हा लघुपट १९७४ साली केला. त्यात आकृती वितळल्यासारख्या एकमेकींत मिसळतात. पाहणारा त्याकडे कला म्हणून पाहतो, कारण तेथे मुळात कोणतीही खरी घटना नाही.

कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात मात्र संगणकाला रेषा ठाऊक नसतात. फक्त लहान लहान ठिपक्यांची तेजस्विता ठाऊक असते. दोन चित्रांची नुसती सरासरी काढली, तर मधे एक चेंडू दिसण्याऐवजी दोन फिकट चेंडू दिसतात. मधला चेंडू हवा असेल तर पहिल्या चित्रातील कोणता ठिपका दुसऱ्या चित्रात कोठे गेला, हे शोधले पाहिजे. या शोधाला 'ऑप्टिकल फ्लो' म्हणतात. १९८१ साली बर्थोल्ड हॉर्न व ब्रायन शुंक यांनी एक, आणि ब्रूस ल्यूकस व ताकेओ कानाडे यांनी दुसरी, अशा त्यासाठीच्या दोन प्रसिद्ध रीती मांडल्या. ठिपका हलला तरी त्याची तेजस्विता बदलत नाही आणि शेजारचे ठिपके साधारण एकाच दिशेने जातात, अशा गृहीतकांवर या रीती उभ्या आहेत.

गृहीतके का लागतात, ते वर्गात सहज दाखवता येते. एका कागदावर तिरपे पट्टे ओढा. दुसऱ्या पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडून तो त्यावर धरा. खालचा कागद आडवा सरकवा, मग उभा सरकवा. भोकातून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा पट्टे सारखेच सरकताना दिसतील. लहानशा भागाकडे पाहून खरी दिशा कळत नाही. काहीतरी धरून चालावेच लागते.

१९९३ च्या एमपेग-१ या मानकात, म्हणजे आपल्या घरोघरी पोहोचलेल्या व्हीसीडीच्या तंत्रात, हालचालीच्या अशा अंदाजाचा उपयोग जागा वाचवण्यासाठी केला गेला. काही चित्रे पूर्ण न साठवता मागच्यापुढच्या चित्रांवरून बनवायची. पण एक महत्त्वाचा भेद येथे सांगितला पाहिजे. साठवणाऱ्याकडे खरे चित्र असते. त्यामुळे अंदाज किती चुकला हे त्याला कळते आणि ती दुरुस्तीही सोबत पाठवता येते. फ्रेम इंटरपोलेशनमध्ये खरे चित्र कोणाकडेच नसते. तेथे अंदाज तपासणार कोण?

दूरचित्रवाणीचीही अशीच एक अडचण होती. भारतातील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे लागत आणि चित्रपटात २४ असत. त्यावर सोपा उपाय म्हणजे चित्रपट थोडा वेगाने दाखवणे. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे. पुढे संच स्वतःच मधली चित्रे बनवू लागले. सगळे फार सलग दिसू लागले आणि चित्रपट एखाद्या दैनंदिन मालिकेसारखे वाटू लागले. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ या अभिनेत्याने एका दिग्दर्शकासह प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याचे जाहीर आवाहन केले. आपण न घेतलेली चित्रे आपल्या चित्रपटात घुसवली जातात, हा चित्रपट करणाऱ्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे.

शिकणारे यंत्र

अलीकडच्या काळात हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाळ्यांकडे गेले. डेन (२०१९), राइफ (२०२०) आणि गूगलची फिल्म (२०२२) ही त्यांची काही नावे. त्यांना शिकवण्याची रीत शिक्षकांना ओळखीची वाटेल. चित्रफितीतील लागोपाठची तीन चित्रे घ्यायची. मधले झाकून ठेवायचे आणि पहिल्या व तिसऱ्यावरून ते काढायला सांगायचे. मग झाकलेले चित्र उघडून चूक मोजायची, जाळ्यातील आकडे किंचित बदलायचे आणि पुढचे त्रिकूट घ्यायचे. या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध संग्रहात ७३,१७१ त्रिकुटे आहेत. सरावात उत्तरपत्रिका असते. प्रत्यक्ष वापरात नसते.

यंत्राने हालचालींच्या सवयी शिकलेल्या असतात. त्यामुळे चालणारा माणूस, वळणारी मोटार ते छान साधते. एक वस्तू दुसरीमागून अचानक बाहेर आली, बोटे झपाट्याने हलली किंवा दृश्यच बदलले, की ते गोंधळते. दृश्य बदलल्याचे ओळखले नाही, तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या चेहऱ्यात वितळतो.

आणखी एक चूक अशी, की ती डोळ्यांना दिसतही नाही. छताचा तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३२० फेरे घेतो आहे आणि कॅमेरा सेकंदाला १६ चित्रे घेतो आहे. दोन चित्रांमध्ये पंखा बरोबर १२० अंश फिरतो, म्हणजे एका पात्याच्या जागी पुढचे पाते येते. सगळी चित्रे सारखीच. पंखा थांबलेला दिसतो. आता यंत्राला मधे तीन तीन चित्रे भरायला सांगा. सेकंदाला ६४ चित्रे मिळतील आणि त्या चौसष्टांतही पंखा थांबलेलाच असेल! चित्रे चौपट झाली, माहिती कणभरही वाढली नाही.

कृत्रिम चित्रफितीत हे तंत्र का लागते, तेही पाहू. एकेक चित्र निर्माण करण्यास प्रचंड गणन लागते. म्हणून आधी थोडी चित्रे करायची आणि मग मधली भरायची, हा मार्ग सोयीचा ठरला. गूगलच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये मांडलेल्या 'इमॅजेन व्हिडिओ' या प्रणालीत मूळ जाळे सेकंदाला ३ या हिशेबाने फक्त १६ लहान चित्रे काढी. पुढची जाळी त्यांचा आकार वाढवीत आणि मधली चित्रे भरीत. शेवटी सेकंदाला २४ प्रमाणे १२८ चित्रे, म्हणजे सव्वापाच सेकंदांहून थोडी अधिक फीत तयार होई. एका मूळ चित्रामागे सात भरलेली. डिस्नेच्या स्टुडिओतली जुनी श्रमविभागणीच ही!

या मार्गाची मर्यादाही लवकरच कळली. मूळच्या दूरदूरच्या चित्रांत विसंगती असेल, एकात हाताला पाच बोटे आणि दुसऱ्यात सहा असतील, तर मधली चित्रे ती विसंगती दुरुस्त करीत नाहीत. सहावे बोट फक्त हळूहळू उगवते. जानेवारी २०२४ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी आणखी एक प्रणाली मांडली. तिच्यात मुख्य चित्रे आधी आणि मधली नंतर, हा क्रमच सोडून दिला होता. पाच सेकंदांची ८० चित्रे ती एकत्रच घडवी. म्हणजे सेकंदाला १६, मूकपटांचाच वेग. तिचे नावही त्यांनी 'लुमिएर' असेच ठेवले.

नोंद आणि कल्पना

लुमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आपला खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तो दाखवला गेला. त्या मुंबईच्या खेळातही आगगाडीच्या आगमनाची एक फीत होती. ला सिओता स्थानकात शिरणाऱ्या गाडीची त्यांची फीत सुमारे ५० सेकंदांची आहे. सेकंदाला १६ प्रमाणे तिची ८०० चित्रे होतात. २०२० साली एका हौशी तंत्रज्ञाने ती सेकंदाला ६० चित्रांची करून प्रसृत केली आणि ती लक्षावधी लोकांनी पाहिली. त्या ३,००० चित्रांतील सुमारे २,२०० चित्रे त्या दिवशी कोणी घेतलेलीच नव्हती. पाहायला ती फीत सुंदर आहे. पण फलाटावरील एखाद्या बाईने कोणत्या क्षणी मान वळवली, हे तिच्यावरून सांगू लागलो तर आपली फसगत होईल.

न्यायालयात तर प्रश्न अधिक गंभीर होतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका न्यायालयाने खुनाच्या खटल्यात, कृत्रिम बुद्धिमत्तेने सुधारलेली मोबाइलवरील चित्रफीत पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. तेथे मधली चित्रे भरण्यापेक्षा चित्र अधिक स्पष्ट करण्याचा प्रश्न होता. पण मुद्दा तोच. यंत्राने जे घातले ते घटनास्थळावरून आलेले नव्हते.

म्हणून हे तंत्र चांगले की वाईट, असे विचारण्यात अर्थ नाही. मूळ चित्रे नोंद आहेत की कल्पना, हे आधी विचारले पाहिजे. व्यंगचित्रपट किंवा कृत्रिम चित्रफीत ही मुळातच कल्पना आहे. तिच्यात मधली चित्रे मनासारखी भरावीत. दिसायला बरी दिसली की काम झाले. मायब्रिजचा घोडा, फाळक्यांचे रोप, लुमिएरची गाडी या नोंदी आहेत. त्यांत भर घातली तर ती भर आहे हे सांगितले पाहिजे आणि मूळ फीत जपून ठेवली पाहिजे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. हल्ली अनेक मोबाइलमध्ये सेकंदाला ६० किंवा त्याहून अधिक चित्रे घेण्याची सोय असते. टप्पे घेणारा चेंडू, झोका, उडी मारणारा मुलगा यांची अशी फीत घ्या. तिच्यातील लागोपाठची नऊ चित्रे निवडा. एका गटाला फक्त १, ३, ५, ७, ९ ही चित्रे द्या आणि मधली चार वहीत काढायला सांगा. मग खरी चार चित्रे शेजारी ठेवा. चेंडू जमिनीवर आपटतो त्या ठिकाणी अंदाज हटकून चुकेल. मागच्या आणि पुढच्या चित्रांत चेंडू हवेत असतो, त्यामुळे मुले त्याला जमिनीला टेकवतच नाहीत. जेथे महत्त्वाचे काही घडते तेथेच अंदाज फसतो, हे मुलांना स्वतःच्या चित्रावरून कळेल.

डर्बनच्या त्या पडद्यासमोर बसलेल्या पंचांना आपण काय सांगावे, हेही त्यावरून ठरते. बेल्स उडण्याचा क्षण हा चेंडू आपटण्याच्या क्षणासारखाच आहे. तो दोन चित्रांच्या मधे सापडला असेल, तर अधिक वेगवान कॅमेरा आणावा. तो नसेल, तर दिसत नाही असे म्हणून, नियमाप्रमाणे संशयाचा फायदा फलंदाजाला द्यावा. संगणकाने काढून दिलेले मधले चित्र कितीही रेखीव असले, तरी तो साक्षीदार मैदानावर हजर नव्हता.